गोगलगायीची अंडी पाण्यात ठेवू नका, पिल्लं बागेत सोडू नका

‘गोगलगाय पाळणं सगळ्यात सोपं. एकटीच ठेवली की अंड्यांची कटकट नाही. घातलीच तर पाण्याच्या वाटीत ठेवा, आपोआप फुटतात. पिल्लं जास्त झाली तर बागेत सोडून द्या.’ चार वाक्यांचा हा सल्ला हल्ली ज्याच्या त्याच्याकडून ऐकायला मिळतो. पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. फक्त हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण काही गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला कृमी असतो आणि त्याने माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. बाकीची तीन वाक्यं मात्र चूक आहेत.

‘एकटी ठेवली की अंडी होत नाहीत.’ जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात. अंडी फळायला त्यांना सहसा जोडीदार लागतो, पण मिलन एकदा झालं की जोडीदाराचं शुक्र त्या महिनोन्महिने शरीरात साठवून ठेवतात. शिवाय काही जाती जोडीदाराविनाही स्वतःची अंडी फळवतात. माझ्याकडची गोगलगाय तीन महिने एकटीच होती. माती बदलायला घेतली तेव्हा कोपऱ्यात पांढऱ्या मोत्यांचा घोस सापडला. पूर्ण वाढलेली गोगलगाय आणली असेल, तर अंडी येणार हे धरूनच चाला.

‘अंडी पाण्यात ठेवा.’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण लोक काळजीपोटी असं करतात आणि अंडी मरतात. जमिनीवरची गोगलगाय मातीत खड्डा करून अंडी पुरते. त्यांना ओलावा हवा आणि हवाही हवी. पाण्यात बुडवली तर आतला जीव गुदमरतो. हा गोंधळ बहुधा माशांच्या टाकीतून आला असावा. रॅम्सहॉर्नसारख्या पाणगोगलगायी चिकट गोळ्यात, पाण्याखालीच अंडी घालतात, हे बरोबर. पण त्याच टाकीतली मिस्ट्री स्नेल रात्री पाण्याबाहेर चढते आणि पाण्याच्या पातळीच्या वर काचेला अंडी चिकटवते. तीही बुडाली की वाया जातात.

मग करायचं काय? शक्यतो अंडी हलवूच नका. हलवावीच लागली तर आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचला, धुऊ नका. माती इतकीच ओली हवी की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. झाकणाला भोकं ठेवा आणि डबा उन्हात ठेवू नका. बागेतल्या साध्या तपकिरी गोगलगायीची अंडी फुटायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, थंडीत जास्त. फुटल्यावरही पिल्लं काही दिवस मातीतच राहतात आणि स्वतःच्या अंड्याचं कवच खातात, कधी शेजारचं न फुटलेलं अंडंसुद्धा. शंख घडवायला लागणारं कॅल्शियम त्यांना तिथूनच मिळतं, म्हणून रिकामी कवचं साफ करू नका. पुढे कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या हाडाचा, तुकडा डब्यात कायम ठेवा.

‘बागेत सोडून द्या.’ 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून तीन आफ्रिकन राक्षसी गोगलगायी मायामीला आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे 18,000 हून अधिक गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला सुमारे दहा वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. 2011 मध्ये तीच जात मायामीत पुन्हा सापडली. ही गोगलगाय एका वेळी 100 ते 400 अंडी घालते आणि शेकडो प्रकारची झाडं खाते. कित्येक देशांत ती पाळायलाच बंदी आहे.

म्हणून निर्णय अंडी सापडतील त्याच दिवशी घ्यायचा. किती पिल्लं नीट वाढवता येतील ते ठरवा, तेवढीच अंडी ठेवा. बाकीची डब्यात बंद करून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग चिरडून टाका. हे करताना वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण ताज्या अंड्यात जीव अजून घडलेला नसतो. उशीर केला तर आत पिल्लू तयार झालेलं असतं. मी दर रविवारी डब्यातली सगळी माती, अगदी तळाची सुद्धा, बोटांनी चाचपते. घोस बहुतेक वेळा तळाशीच असतो.