कोणाचीच नसलेली जमीन

गेल्या महिन्यात आम्ही ऑस्ट्रेलियातील बज बिम या लाव्हारसाच्या प्रदेशात जाऊन आलो. मेलबर्नहून पश्चिमेला मोटारीने सुमारे चार तास लागतात. लाव्हारसाचा तो काळा, खडबडीत कातळ सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला परका वाटत नाही. पण या कातळात गुंडिचमारा या येथील मूळ रहिवासी लोकांनी पाणी वळवण्यासाठी चर काढले आहेत, दगडावर दगड रचून बांध घातले आहेत आणि वाम मासे धरून ठेवण्यासाठी, वाढवण्यासाठी पाणी अडवून तळी केली आहेत. यातील सर्वांत जुन्या बांधकामाचे वय सुमारे ६,६०० वर्षे ठरले आहे. आम्हाला हिंडवून दाखवणाऱ्या गुंडिचमारा बाईंनी बांधाच्या फटीत लावायची गवताची लांबट टोपली माझ्या हातात दिली. ती तोंडाशी रुंद, मागे निमुळती होत गेलेली आणि शेवटी उघडी होती. मोठा वाम त्या टोकाशी अडकतो, लहान वाम निसटून पुढे जातो. कोणता मासा आज धरायचा आणि कोणता वाढू द्यायचा, हे त्या विणीतच ठरलेले आहे.

ती टोपली हातात असताना मला शाळेत पाठ केलेले वाक्य आठवले : ‘ऑस्ट्रेलियाचा शोध कॅप्टन कुकने लावला.’ हे वाक्य युरोपीयांच्या हिशेबानेसुद्धा चूक आहे, कारण विलेम यान्सझोन हा डच दर्यावर्दी १६०६ सालीच या किनाऱ्याला लागला होता. पण माझा आक्षेप ‘शोध’ या शब्दालाच आहे. २९ एप्रिल १७७० रोजी कुकची माणसे बॉटनी बे येथे उतरू लागली, तेव्हा ग्वीगल जमातीचे दोन पुरुष भाले घेऊन त्यांना अडवायला किनाऱ्यावर उभे राहिले आणि कुकने त्यांच्यावर बंदूक चालवली. ज्या जमिनीवर पाऊल ठेवण्यासाठी गोळी झाडावी लागते, तिचा ‘शोध लागला’ असे कसे म्हणता येईल? स्थानिकांच्या संमतीने सोयीच्या जागा ताब्यात घ्याव्यात, अशी लेखी आज्ञा कुकला होती. संमती कोणी दिली नाही, आणि तरीही २२ ऑगस्टला एका लहानशा बेटावर निशाण रोवून त्याने संपूर्ण पूर्व किनारा आपल्या राजाच्या नावे केला.

पुढे १८३५ साली जॉन बॅटमन या माणसाने आजच्या मेलबर्नच्या परिसरात कुलिन नावाच्या स्थानिक लोकांच्या प्रमुखांशी करार केला. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ अशा वस्तूंच्या आणि वार्षिक देण्याच्या बदल्यात त्याने सुमारे सहा लाख एकर जमीन मिळाल्याचा कागद तयार केला. ही उघड फसवणूक होती. पण गव्हर्नर बर्कने तो करार रद्द केला, तो फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर ही जमीन आधीपासूनच ब्रिटिश राजसत्तेची असल्यामुळे स्थानिकांना ती विकण्याचा अधिकारच नाही, या कारणाने. बॅटमनने निदान समोर कोणीतरी मालक आहे, एवढे मानले होते; सरकारने तेवढेही मानले नाही. एका जाहीरनाम्याने हजारो वर्षांच्या वहिवाटीवर काट मारली गेली.

या वसाहतवाल्यांना डोळे होते, त्यांना दिसत होते, हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हा सरकारनेच आदिवासींचा ‘संरक्षक’ म्हणून नेमलेला अधिकारी १८४१ मध्ये याच पश्चिम भागातून फिरला आणि एका दलदलीत सुमारे १५ एकरांवर पसरलेले चर आणि बांध पाहून त्याने त्याची नोंद करून ठेवली. म्हणजे अज्ञानाची सबब येथे चालत नाही. तोवर १८३४ पासून पोर्टलंडला वसाहतवाल्यांची वस्ती झाली होती. त्यांच्या मेंढ्यांनी स्थानिकांच्या अन्नाचा आधार असलेली कंदांची झाडे खाऊन संपवली आणि पाणवठे बळकावले गेले. गुंडिचमारा लोक लढले. घोडे चालू शकत नाहीत अशा त्याच लाव्हाच्या कातळाचा आसरा घेऊन ते छापे घालत आणि परत कातळात शिरत. गनिमी कावा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. १८४०च्या दशकातील या संघर्षाला युमेराला युद्ध म्हणतात, आणि त्यात किती माणसे मारली गेली याचा पुरता हिशेब कोणी ठेवला नाही.

जे उरले त्यांच्यासाठी १८६७ मध्ये कोंडा सरोवराजवळ मिशनची वसाहत उभी राहिली. १८८६ च्या कायद्याने ज्यांच्या अंगात मिश्र रक्त आहे अशा ३५ वर्षांखालील माणसांना अशा वसाहतींबाहेर काढले, म्हणजे एकाच घरातली माणसे कायद्याने वेगळी झाली. (आपल्याकडे याच साम्राज्याने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि भटक्या जमातींना काटेरी तारांच्या आत कोंडले. सोलापूरची सेटलमेंट ज्यांनी पाहिली, त्यांना कोंडा येथील कहाणी ओळखीची वाटेल.)

लव्हेट कुटुंबाविषयी वाचताना मात्र मला थांबावे लागले. या गुंडिचमारा घरातील पाच सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धात लढले, त्यांपैकी चौघे दुसऱ्या महायुद्धातही भरती झाले, आणि पाचही जण जिवंत परतले. दुसऱ्या युद्धानंतर सरकारने जुन्या मिशनची जमीन परतलेल्या सैनिकांना वाटायला काढली. हर्बर्ट लव्हेट यांनी अर्ज केला. दोन युद्धे लढलेल्या त्या सैनिकाला त्याच्याच पूर्वजांच्या जमिनीतला तुकडा नाकारण्यात आला, आणि ती जमीन गोऱ्या सैनिकांना मिळाली.

‘टेरा नलियस’, म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन, ही कल्पना येथील सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ च्या माबो निकालात फेटाळली. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते एडी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. गुंडिचमारांचा हक्क २००७ मध्ये मान्य झाला आणि २०१९ मध्ये बज बिम जागतिक वारशाच्या यादीत आले. याचा मला मनापासून आनंद आहे, पण एक गोष्ट खटकते. ‘पाहा, त्यांनी बांध घातले होते, ते रानटी नव्हते’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा नकळत वसाहतवाल्यांचीच कसोटी मान्य करतो. ज्यांनी एकही दगड हलवला नाही, जे ऋतूंप्रमाणे वाटा बदलत वाळवंटातून फिरले, त्यांचीही जमीन तितकीच त्यांची होती. नांगर लावला तरच मालकी, हा नियम ज्यांना जमीन हवी होती त्यांनी केलेला होता.

आदिवासींचा आवाज संसदेपर्यंत पोहोचवणारी समिती राज्यघटनेत असावी का, यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. ‘आपण तर काल आलो, आपला काय संबंध?’ असे आपल्यातलेच अनेक जण तेव्हा म्हणाले. मी होकाराचे मत दिले होते आणि हा प्रश्न मला पटत नाही. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातील माझ्या घराची मालकी मागे मागे शोधत गेले, तर ती ब्रिटिश राजसत्तेने दिलेल्या पहिल्या पट्ट्यापाशी थांबते. त्यामागचे पान कोरे आहे. आणि जेथे अशी पूर्ण खासगी मालकी दिली गेली, तेथील मूळ लोकांचा हक्क कायद्याने कायमचा संपलेला आहे. माबो निकालही तो परत देऊ शकत नाही. मी दरमहा हप्ते भरते, ते या जमिनीचे.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत सुरुवातीला मूळ मालकांना वंदन करणारा परिच्छेद वाचला जातो. तो घाईघाईने उरकू नये, जमातीचे नाव नीट उच्चारावे, आणि येत्या एप्रिलमध्ये, मोठे वाम समुद्राकडे निघतात त्या दिवसांत, मराठी शाळेच्या मुलांची सहल बज बिमला न्यावी, असे पत्र मी कार्यकारिणीला दिले आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी मला कळवावे.