१८६९ साली विमा कंपन्या जिंकल्या? छे, हरल्या!

विम्याच्या इतिहासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: ‘विमा हा व्यापारच नाही, असं विमा कंपन्यांनी १८६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतलं आणि पाऊणशे वर्षं कायद्याच्या तावडीतून सुटल्या.’ यातलं साल बरोबर आहे, बाकी बरंचसं चूक.

वदवून कसलं घेतलं? खटला ‘पॉल विरुद्ध व्हर्जिनिया’. सॅम्युएल पॉल हा व्हर्जिनिया राज्यातल्या पीटर्सबर्गचा एजंट, न्यूयॉर्कच्या आगविमा कंपन्यांचं काम करणारा. १८६६च्या कायद्यानुसार परराज्यातल्या कंपनीला व्हर्जिनियाच्या खजिनदाराकडे ३० ते ५० हजार डॉलरचे रोखे ठेवावे लागत. पॉलनं परवान्याची फी पुढे केली, पण रोखे ठेवले नाहीत. परवाना अर्थातच नाकारला गेला. तो मिळावा म्हणून परमादेश (अधिकाऱ्याला काम करायला लावणारा कोर्टाचा हुकूम) मागण्याऐवजी त्यानं सरळ बिनपरवाना पॉलिसी विकली आणि ५० डॉलर दंड ओढवून घेतला. त्या दंडाविरुद्धचं अपील वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. (५० डॉलरसाठी कुणी एवढं लढत नाही, मागे कंपन्या होत्या.) विमा हा आंतरराज्य व्यापार आहे, म्हणजे केंद्राचा विषय, सबब राज्यांनी त्यात हात घालू नये, हा त्यांचा युक्तिवाद. न्या. स्टीफन फील्ड यांनी तोच फेटाळला: पॉलिसी म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवून विकायचा माल नव्हे, तो दोन पक्षांमधला करार आहे, एजंटानं ती व्हर्जिनियात हाती दिली की व्यवहार व्हर्जिनियातला. दंड कायम!

‘सुटल्या’ हेही खोटं. उलट राज्याराज्यांचा फास पक्का झाला: परवाने, ठेवी, तपासण्या. १८७१ मध्ये तर राज्यांचे विमा अधिकारी एकत्र येऊन बैठका घेऊ लागले. आपल्याकडे विमा संघसूचीत (केंद्राच्या विषयांच्या यादीत), ४७व्या नोंदीत असल्यानं ‘केंद्राचा कायदा नाही म्हणजे कायदाच नाही’ असा समज पटकन होतो.

दाव्यात थोडं तथ्य आहे ते पुढच्या काळातलं. केंद्राचा मक्तेदारीविरोधी कायदा अंगावर आला, तेव्हा याच कंपन्या १८६९च्या निकालाची ढाल करू लागल्या: विमा आंतरराज्य व्यापार नाही, सबब केंद्रानं हात घालू नये! १९४४ मध्ये साऊथ-ईस्टर्न अंडररायटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी ती ढाल मोडली. मार्च १९४५ मध्ये काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) कायदा करून विम्याचं नियमन मुख्यतः राज्यांकडेच ठेवलं. यावेळी कंपन्यांची तक्रार नव्हती.