दहा लॅपटॉप आणि एक कुलूपबंद कपाट

आज दुपारी एका जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. आत दहा लॅपटॉप. खोक्यांसकट, थर्माकोलसकट. काहींच्या स्क्रीनवरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा अजून तशीच. दहातले सात चालूच होत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो पंचायत समितीपर्यंत आला, तिथून मुख्याध्यापिका बाईंनी रिक्षा करून खोकी शाळेत आणली, भाडं पदरचं दिलं. पोहोचेवर सही झाली, जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. शाळा सातवीपर्यंतची. तेव्हापासून सातवीच्या दोन वर्गांनी शाळा सोडली. एकाही पोराने या मशीनचं बटण दाबलेलं नाही.

कुणी पैसे खाल्ले असं म्हणायलाही जागा नाही. सगळे कागद चोख आहेत. त्यामुळे राग जास्तच येतो.

ते सात लॅपटॉप का मेले, ते आधी नीट समजून घ्या. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. पूर्ण उतरलेली महिनोन्महिने तशीच राहिली की आतल्या सेलचं व्होल्टेज अडीचच्याही खाली जातं, मग बॅटरीतलंच सुरक्षा सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. त्यात वरचा पत्रा, एप्रिल-मेचं ऊन, बंद कपाट. त्यांतल्या दोन लॅपटॉपच्या बॅटऱ्या फुगून टचपॅड वर उचललं गेलंय. ते दोन तर चार्जिंगला लावूच नका. बॅटरी निम्मी चार्ज करून, स्लीपवर नाही तर पूर्ण शटडाउन करून मशीन ठेवायचं आणि महिन्यातून एकदा बाहेर काढायचं, एवढंच करायचं होतं. खोक्यातल्या इंग्रजी पत्रकात असलं काहीतरी लिहिलेलं असतंही. मराठीत एक पान छापून द्यायला काय लागलं असतं?

पण खरं दुखणं कपाटात नाही, निविदेच्या कागदात आहे.

मार्चअखेर निधी परत जातो म्हणून जानेवारीत प्रस्ताव, फेब्रुवारीत बिड, मार्चमध्ये माल. एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी, जूनच्या मध्यावर शाळा. विदर्भात त्याहून उशिरा. वॉरंटी मात्र बिलाच्या किंवा पुरवठ्याच्या तारखेपासून धावायला लागते. म्हणजे पोरं वर्गात बसायच्या आतच अडीच-तीन महिने गेले. आणि वॉरंटी तीन वर्षांची लिहिली तरी बारीक अक्षरात बॅटरी आणि ॲडॉप्टरला बहुधा एकच वर्ष असतं. ‘बॅटरीसह तीन वर्षे, शाळेत येऊन दुरुस्ती, वॉरंटी शाळेत मशीन सुरू करून दिल्याच्या तारखेपासून’ ही दीड ओळ बिडच्या अटींत घालायला कुणी हात धरला नव्हता.

तांत्रिक तपशिलाचंही तेच. ‘४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज’ लिहिलं की विंडोज ११ ची किमान अट कागदावर पूर्ण होते. पण ती सिस्टीम नुसती चालू होण्याची अट आहे, तीस पोरांच्या वर्गात वापरायची नाही. त्या ६४ जीबीत विंडोज आणि तिचे अपडेट मावता मावता जागा संपते. स्वस्त मशीनमध्ये रॅम आणि ईएमएमसी (साठवणीची चिप) दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी रॅम, एक रिकामा स्लॉट, २५६ जीबीची बदलता येणारी एसएसडी असं स्पष्ट लिहिलं नाही तर एल-वन, म्हणजे सर्वात कमी दर भरणारा पुरवठादार कमीत कमी तेच देणार. तो त्याचा धर्मच आहे.

एल-वन सोडला तर वशिलेबाजी माजेल, हे मान्य. सोडा कोण म्हणतंय? अट नीट लिहा, मग सर्वात स्वस्त घ्या.

विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी स्वस्त टॅब्लेट ‘आकाश’ आठवतोय? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत वाजतगाजत आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोट रुतवून दाबावी लागणारी स्क्रीन. किमतीचा आकडा आधी आला, पोराच्या हातात काय पडणार हे नंतर. आपण अजून तिथेच आहोत.

आता उरलेले तीन. ते चालू होतात, पण आत जाता येत नाही. विंडोजची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. शाळेत नेट नाही. एका सरांनी मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन स्वतःच्या ईमेलवर दोन मशीन सुरू केली. सरांची बदली झाली, पिन त्यांच्याबरोबर गेला. तिसरं त्याच निळसर पडद्यावर अडकून पडलंय. पुरवठादाराने दहाही मशीनवर ‘शाळा’ नावाचं एक लोकल खातं, मराठी कीबोर्ड आणि बालभारतीची पुस्तकं टाकून मगच द्यायची होती. पण बिडमध्ये ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्दच नव्हता, त्यामुळे त्याने पंचायत समितीत खोकी उतरवली आणि तो मोकळा झाला. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, माल स्वीकारल्याचा दाखला द्यायला दहा दिवसांची मुदत असते. त्या दहा दिवसांत खोकी मोजली गेली, मशीन नाही. प्रत्येक मशीन चालू करून, सिरीयल नंबर बिलाशी ताडून, रॅम आणि डिस्क स्क्रीनवर वाचून, अर्धा तास बॅटरीवर चालवून मगच सही करायची असते. दहा मशीनना एक दुपार पुरते.

विजेचं थोडक्यात. दहा ॲडॉप्टर ६५ वॅटचे धरले तरी ६५० वॅट, एका मिक्सरएवढं. लोड हा प्रश्न नाही, अर्थिंग हा आहे. दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून ॲडॉप्टरची तिसरी पिन मोडलेली या शाळेतही सापडली. मग पोराला झिणझिण्या येतात आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप कपाटात. वीजबिल समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानातून भागवायचं. पट तीसच्या आत असेल तर ते वर्षाला १० हजार. त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती.

आणि सगळ्यात चीड आणणारं वाक्य वरून येतं: ‘दिलेत तर वापरत का नाही?’ अहो, नोंदवहीवर सही बाईंची आहे. फुटला, चोरीला गेला तर चौकशी बाईंची, वसुली बाईंच्या पगारातून. खिडकीला गज नाहीत, शाळेला वॉचमन नाही. बंद पडलेलं मशीन निर्लेखित करायला, म्हणजे नोंदवहीतून काढायला, किती सह्या लागतात ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच लावणार. बाईंनी कपाटाची किल्ली पर्समध्ये ठेवली यात त्यांची चूक मला दिसत नाही. आज त्या सांगताना रडवेल्या झाल्या होत्या.

शाळा गळतात, शिक्षक कमी आहेत, आधी लॅपटॉप कशाला, असं म्हणणारे तुमच्यातही आहेत. बरोबर आहे. पण पैसे खर्च होऊन गेलेत, मशीन आलीत.

केरळने हे जमवलं. तिथल्या शाळांचं तंत्रज्ञान बघणाऱ्या काइट या सरकारी संस्थेने हायटेक शाळांच्या लॅपटॉपना पाच वर्षांची वॉरंटी घेतली, मुक्त सॉफ्टवेअर वापरलं म्हणून लायसन्सचे पैसे वाचले, आणि शाळाशाळांत ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे गट केले. किरकोळ बिघाड तीच पोरं बघतात. आपल्याकडेही समग्र शिक्षात आयसीटी (संगणक) प्रयोगशाळेसाठी एकदाचे ६.४० लाख आणि पुढची पाच वर्षं दरसाल २.४० लाखांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे चालवायचा खर्च खरेदीच्या जवळजवळ दुप्पट धरलाय. हिशेब करणाऱ्याला कळलेलं होतं. छोट्या शाळेत जिल्ह्याच्या निधीतून लॅपटॉप येतात तेव्हा हा दुसरा आकडा गायब होतो.

वाचणाऱ्यांत जे मुख्याध्यापक आहात त्यांनी उद्या कपाट उघडा. बिलावरची तारीख बघा. वॉरंटीत एक दिवस जरी उरला असेल तरी सिरीयल नंबर घालून तक्रार लेखी करा, फोनवर नको, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. न फुगलेल्या बॅटऱ्या निम्म्या चार्ज करून ठेवा.

चालू होणाऱ्या त्या तीन लॅपटॉपांतल्या एकावर आज विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकून दिली, पेन ड्राइव्हवरून, पाऊण तासात. सातवीच्या चौघी मुली लगेच भोवती जमल्या. कीबोर्डवर नुसती इंग्रजी अक्षरं, कारण मागणीत मराठीचा उल्लेख नव्हता. तिघींची नावं सापडत सापडत झाली. चौथीच्या नावात ‘ज्ञ’ होता. शाळा सुटायची घंटा झाली तरी ती एकेक बटण दाबून बघत होती.