आडनावापेक्षा धंदा बघा

पूर्वजांची वंशावळ कशी शोधावी यावरच्या लेखात आडनाव धरून एकेक पिढी मागे जा असं सांगितलंय. आमचं गाडं तिथेच अडलं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आहे, त्याआधीच्या कागदांत नाहीच. सगळीकडे नुसतं ‘राघू बिन संतू’, म्हणजे संतूचा मुलगा राघू. बाई असेल तर ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. आणि गावात राघू तीन!

सुटका झाली ती धंद्यामुळे. तहसिलीत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मिळाली. मोडी लिपीत होती. वाचून देणाऱ्या काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं: ‘धंदा विणकर’. बाकीचे दोन राघू शेतकरी. घरात आजीच्या तोंडी ‘मागाची खोली’ हा शब्द होता, पण त्या खोलीत आम्ही फक्त कांदे ठेवलेले पाहिले. पुढे पणजोबा मुंबईत गिरणीत साचे खात्यात (कापड विणायच्या विभागात) कसे लागले, तेही मग उमगलं. हातमाग बसला, पण हात तयार होता.

एक धोंड सांगून ठेवतो. जुन्या कागदांवर साल बऱ्याचदा फसली, म्हणजे महसुलासाठी वापरलं जाणारं, असतं. त्यात ५९० मिळवायचे (काही महिन्यांसाठी ५९१), म्हणजे फसली १२९० हे साधारण इ.स. १८८०. मी ते हिजरी समजून सहा महिने भलत्याच सालांत हिंडत होतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची वही (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची) अजून बघायची राहिलीय. तिथे गावाचं नाव सांगावं लागतं, मूळ गाव माहीत नसेल तर आधी ते शोधा.