अठरा महिन्यांत ग्रीन कार्ड? आधी जन्मगाव बघा

चतुर्थीच्या आधीपासून कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात एक मेसेज फिरतोय. 'अमेरिकेत ईबी-३ व्हिसा. कोंबडीचा कारखाना, हॉटेल, साफसफाई. शिक्षण नको, इंग्रजी नको. मालक स्पॉन्सर करणार. १८ महिन्यांत बायकामुलांसकट ग्रीन कार्ड. खर्च १८ लाख, हप्ते चालतील.' माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे, त्यामुळे हा मेसेज मी स्वतःच्या फोनपेक्षा दुसऱ्यांच्याच फोनवर जास्त वेळा वाचला. परवा वाडीतले एक काका तो प्रिंट करायला आले. "बाबू, ह्यां वाच आणि सांग, खरां काय तां." मुलाला पाठवायला काजूची बाग विकायचं घाटत होतं. मग मेसेजातला आणि एजंट तोंडी सांगतात तो एकेक दावा आम्ही तपासायला घेतला.

'असा व्हिसा आहे.' हो, आहे. ईबी-३ म्हणजे नोकरीच्या आधारावर कायमचं राहायला देणारा व्हिसा, त्यात 'अदर वर्कर्स' नावाचा पोटप्रकार आहे. ज्या कामाला दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागतं, पण जे कायमचं आहे, हंगामी नाही, अशा कामासाठी. त्याला पदवी लागत नाही, इंग्रजीची परीक्षाही नाही. मेसेजात एवढं खरं आहे म्हणूनच तो चालतो.

'१८ महिन्यांत.' इथे सगळं फसतं. या पोटप्रकारात जगभरासाठी वर्षाला जास्तीत जास्त १०,००० व्हिसा, आणि त्या दहा हजारांत कामगाराची बायको आणि मुलंही मोजली जातात. वर एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते त्यात असतं. काकांना मी ते स्क्रीनवर उघडून दाखवलं. २०२५ च्या उत्तरार्धात भारताच्या रकान्यात २०१३ सालातली तारीख होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी कागद दाखल केलेल्यांना तेव्हा कुठे बोलावणं. ज्या देशांची रांग छोटी, त्यांचीही तारीख २०२१ मध्येच अडकलेली. तेव्हा १८ महिने कुणालाच नाहीत. आणि आज अर्ज केला तर बारा वर्षांनी नंबर, असंही समजू नका. मधल्या काळात मागची रांग आणखी लांबली आहे.

आपल्याकडे लोकांना हे पटत नाही, याचं कारण मला आखात वाटतं. खेड-मंडणगडपासून इथपर्यंत प्रत्येक वाडीत कुणीतरी दुबई-कतारला जाऊन आलेलं. तिथला अनुभव काय? एजंटला पैसे दिले, मेडिकल झालं, दोन-तीन महिन्यांत विमान. जास्त पैसे, लवकर काम. पण तो व्हिसा नोकरीपुरता असतो, नोकरी संपली की परत गावी. अमेरिकेचं हे प्रकरण कायमच्या वास्तव्याचं आहे आणि त्याची रांग एजंटला काय, मालकालाही पुढे सरकवता येत नाही.

'गोव्याचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर रांग नाही.' ही खास आपल्या भागातली भर. बांद्याच्या पलीकडे, गोव्यात पाहुणे असलेल्यांना ती लगेच पटते. पण रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावरून ठरते. म्हापशात जन्मलेला तरुण पोर्तुगालचा नागरिक झाला तरी या हिशेबात तो भारताच्याच रकान्यात. सूट एकच महत्त्वाची: नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिचा देश धरता येतो. आमच्या वाडीत सुना फार तर देवगड-मालवणहून येतात.

'१८ लाखांत वकील, लेबर सर्टिफिकेट, सगळं आलं.' मालकाला आधी अमेरिकेच्या श्रम खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं: जाहिरात दिली, तिथला लायक माणूस मिळाला नाही, ठरलेला पगार देणार. या प्रमाणपत्राचा खर्च, मालकाच्या वकिलाच्या फीसकट, कामगाराकडून घ्यायला १६ जुलै २००७ पासून बंदी आहे. प्रमाणपत्राची विक्रीही बेकायदा. व्हिसाची सरकारी फी, मेडिकल, तिकीट हे खर्च कामगार करू शकतो, पण त्यांची बेरीज अठरा लाखांच्या जवळपासही जात नाही. आपल्याकडच्या नियमांतही नोंदणीकृत भरती एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. काकांनी ५०,००० टोकन आधीच दिलेले. पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' एवढंच. ना मालकाचं नाव, ना कामाचं ठिकाण.

'आय-१४० मंजूर झाला म्हणजे काम झालं.' नाही. आय-१४० म्हणजे मालकाने कामगारासाठी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज. तो मंजूर झाला म्हणजे रांगेत उभं राहायला मिळालं. नंबर येईल तेव्हा मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि तेव्हाही ती नोकरी जागेवर हवी. कारखाना तोवर बंद पडला तर नव्या मालकाने सगळे कागद पुन्हा करायचे. जुनी तारीख बहुतेकदा टिकते, पण तसा मालक आधी मिळायला हवा.

'बायकामुलांसकट.' कायद्याने बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं सोबत जाऊ शकतात. आय-१४० चा निकाल लागायला जेवढे दिवस गेले तेवढे मुलाच्या वयातून वजा होतात, पण ते महिन्यांच्या हिशेबात. रांग वर्षांची आहे.

काकांची नात नऊ वर्षांची. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, बोटांवरच मोजलं, दोनदा.

"म्हणजे चेडू हयच रवतला?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी प्रिंटची घडी घातली आणि टोकनची पावती माझ्यापुढे सरकवली. "ह्येची झेरॉक्स काढ. दोन प्रती."