डिंक वेगळा, चीक वेगळा : सिडकोच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली, आणि दोन ओळीत उत्तर देण्यासारखी ती नाहीये म्हणून आज निवांत बसून लिहिते. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की परदेशातून येणाऱ्या पाकिटांवरची हल्लीची स्टिकरसारखी पोस्टाची तिकिटं पाण्यात टाकू नका, एकतर कागदासकट कापून ठेवा नाहीतर लायटरमध्ये भरायच्या फ्लुइडने सोडवा. त्यावर काकांचं म्हणणं असं, की ते चाळीस वर्षं पाण्यातच भिजवतायत, रात्रभर धीर धरला तर सुटत नाही असं तिकीटच नसतं, मागे कागद चिकटलेलं तिकीट अल्बममध्ये लावणं हा निव्वळ आळस आहे, आणि पोरंबाळं असलेल्या घरात पेटणारं केमिकल वापरायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि शेवटी, 'प्रेसमधल्या माणसाच्या मुलीचा पाण्यावर विश्वास नाही याचं आश्चर्य वाटतं.'

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते लागलं मला. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की कोणती ते सांगावं लागत नाही, इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२६पासून आपल्या देशाची तिकिटं इथे छापली जातायत. वडील तिथे होते आणि तिकीट सोडवायला मला त्यांनीच शिकवलं. रविवारी दुपारी जेवणं आटपली की ओट्यावरून एनॅमलचा पसरट ट्रे यायचा, त्यात कोमट पाणी, कापलेले लिफाफ्याचे तुकडे त्यावर तरंगत ठेवायचे, आणि मग हात मागे बांधून बसायचं. ते म्हणायचे तिकीट ओढायचं नाही, कागद स्वतःहून त्याला सोडतो. लाल-जांभळ्या पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत, कारण त्यांचा रंग उतरून सगळ्या ट्रेची वाट लागते. मग स्वच्छ पाण्यात एकदा विसळून, मागून बोट फिरवून बुळबुळीत लागतंय का बघायचं, लागलं तर अजून डिंक आहे, परत पाण्यात. नंतर टीपकागद आणि त्यावर जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी. त्यांच्याकडे १९५२ची संतकवींची मालिका होती, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर, फोटोग्रॅव्हुरने (फोटोवरून कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईने) नाशिकला छापलेली पहिली तिकिटं, सगळी वापरलेली, सगळी पाण्यातून काढलेली, आणि आजही मागून बघितलं तर कोरी करकरीत. तेव्हा पाण्यावर माझा विश्वास नाही असं नका म्हणू. पाणी डिंकासाठी आहे, आणि या नव्या तिकिटांच्या मागे डिंक नाहीच आहे, माझं म्हणणं एवढंच होतं, बहुतेक मला ते नीट मांडता आलं नाही.

परत सांगून बघते. जुन्या तिकिटांच्या मागचा डिंक म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाचा गोंद, नंतर त्याऐवजी फॅक्टरीत बनवलेलाही आला पण तोही पाण्यात विरघळणाराच, म्हणून तर जिभेने ओला करून चिकटवता यायचं. म्हणजे जे पाण्याने चिकटलं ते पाण्याने सुटणार. स्टिकरवाल्या तिकिटाला पाणी लावावंच लागत नाही, नुसतं दाबलं की बसतं, कारण मागे असतो तो बहुतेक अॅक्रिलिकचा चिकट थर. तो चीक आहे हो काका. फणस कापताना आपण हाताला आणि सुरीला तेल का लावतो? हाताला लागलेला चीक नळाखाली तासभर धुतला तरी जात नाही, आणि तेलाचं बोट फिरवलं की निघतो. तसंच आहे हे. (म्हणून तिकिटाला खोबरेल लावायला जाऊ नका कोणी! तेलाचा डाग कागदातून परत निघत नाही. उडून जाणारं काहीतरी लागतं. अमेरिकेत लोक संत्र्याच्या सालीच्या तेलाचा रूम फ्रेशनर मारतात किंवा हेप्टेन नावाचं पटकन उडणारं केमिकल वापरतात. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात नको, चिकटाबरोबर शाईही सुटू शकते.)

आता तुमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाबद्दल. तो खोटा आहे असं मी म्हणतच नाहीये. तुमच्याकडे परदेशातली स्टिकर तिकिटंसुद्धा पाण्यात सुटली असणार, माझ्याकडेही सुटलीत, आणि त्याचं कारण फार छान आहे. तेव्हा संग्राहकांचा विचार करून तिकिटाचा कागद आणि तो चिकट थर यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा एक पातळ थर देत असत. पाणी मुरलं की तो मधला थर जायचा, तिकीट सुटं व्हायचं आणि चीक पाकिटावरच राहायचा. हीच खूण लक्षात ठेवा, तिकीट मागून कोरं निघालं आणि बोट पाकिटाच्या कागदाला चिकटलं तर मधला थर होता. ब्रिटनच्या राणीच्या रोजच्या तिकिटांत तो २००९पर्यंत मिळतो. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी नवीन छपाई आणली, तिकिटावर दोन बाजूंना इंग्रजी यू अक्षरासारखे काप, कारण लोक शिक्का न पडलेली तिकिटं धुऊन परत वापरत होते, आणि तेव्हाच तो थरही गेला. म्हणजे तिथे तिकीट सुटूच नये, सोडवायला गेलं तर फाटावं असाच त्याचा बेत आहे. अमेरिकेतही २००० नंतरच्या दशकात हळूहळू तेच झालं. तुमचं २००५चं ब्रिटिश तिकीट पाण्यात सुटलं हे खरं आणि माझं २०१५चं नाही सुटलं हेही खरं, त्यात धीराचा काही संबंध नाही.

माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीहून दिवाळीचं ग्रीटिंग पाठवलं होतं, वर झेंड्याची तीन तिकिटं एका रांगेत आणि त्यावर गोल शिक्का इतका स्वच्छ पडलेला की शहराचं नाव, तारीख सगळं वाचता येत होतं, असा शिक्का मशीनच्या जमान्यात क्वचित मिळतो. मी अगदी तुम्ही म्हणता तसंच केलं. रात्रभर ट्रेमध्ये ठेवलं. सकाळी पाकिटाचा लगदा झाला होता, बोटांनी चोळला की सुरवंटासारख्या वळ्या पडत होत्या, पण तिकिटाच्या मागचा शेवटचा पापुद्रा काही केल्या निघेना. म्हणून नखाने कडेपासून उचलायला गेले तर तिकिटाचाच कोपरा दोन पदरांत फाटला, वरची शाई एकीकडे नि खालचा कागद एकीकडे. उरलेली दोन वाळताना पापडासारखी वळली आणि ज्या वहीत दाबली तिच्या पानाला कायमची बसली. तिन्ही गेली. आणि ती पाकिटावर होती तेव्हा त्यांना काहीही झालेलं नव्हतं, हेच मनातून जात नाही.

म्हणून म्हणते, कागदासकट ठेवणं आळस नाहीये. उलट त्याला हात स्थिर लागतो. सगळीकडून सारखा, तीन-चार मिलिमीटर कागद सोडून धारदार कात्रीने सरळ कापायचं, नागमोडी कडेला कुठेही धक्का लागता कामा नये. पाकिटाचा मागचा पदर वेगळा काढून टाकायचा म्हणजे जाडी कमी होते. शिक्का तिकिटाबाहेर गेला असेल तर तो पूर्ण येईल एवढा कागद ठेवायचा, तिथे मिलिमीटर मोजायचे नाहीत. तोटा आहेच, स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची पट्ट्यांची वही) फुगतं आणि खाकी पाकिटाचा कागद पुढे पिवळा पडून तिकिटालाही त्रास देऊ शकतो, हे मी लपवत नाही. पण आज कापलेलं तिकीट उद्या कधीही सोडवता येतं, सोडवताना फाटलेलं परत पाकिटावर जात नाही.

फ्लुइडबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, आणि चूक माझी आहे. मी नुसतं 'खिडकीपाशी बसा' एवढंच लिहिलं होतं. ते अपुरं होतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून खिडकीतून जात नाही, टेबलावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरत पलीकडच्या खोलीपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्या घरांत संध्याकाळी देवघरात समई असते, ओट्यावर गॅस पेटलेला असतो. पावसाळ्यात तर आपण खिडक्या-दारं लावूनच बसतो. तेव्हा हे आजच मूळ लेखात घालते आहे : घरात करूच नका, दुपारी गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा, आसपास ज्योत नको, सिगरेट नको, पोरांना हाताशी घेऊ नका, आणि बाटलीचं झाकण प्रत्येक थेंबानंतर लावा. माझ्या भाचीला मी तिकीट सोडवायला शिकवतेय ते फक्त आपल्या तिकिटांवर आणि फक्त पाण्याने, आपली बहुतेक अजूनही डिंकाचीच आहेत हे आपलं नशीबच. (त्यातही २००६चं चंदनाच्या वासाचं तिकीट कुणाकडे असेल तर ते मी पाण्यात घालणार नाही, वास राहील याची खात्री देता येत नाही.)

ज्यांना फ्लुइड वापरायचंच आहे त्यांच्यासाठी, थेंब तिकिटावर नाही तर पाकिटाच्या मागून टाकायचे. कागद क्षणात तेलकट पुरीच्या कागदासारखा पारदर्शक होतो. अर्धा-एक मिनिट थांबायचं. मग तिकीट पालथं सपाट ठेवून पाकिटाचा कागद त्याच्यापासून सोलायचा, उलट कधीच नाही, तिकीट ओढलं की ते वळतं आणि कायमची घडी पडते. इथे वडिलांचं वाक्य अजून लागू आहे बघा. आणि चीक तिकिटाच्या मागे तसाच राहतो, तो निघत नाही, त्यावर बोटाने टाल्कम पावडर फिरवून तो मारायचा, नाहीतर तिकीट स्टॉकबुकला बसेल. हा राहिलेला चीकच मला खुपतो. अमेरिकेने १९७४च्या ख्रिसमसला कबुतराचं दहा सेंटचं स्टिकर तिकीट काढून बघितलं होतं, त्याचा चिकट थर कागदात मुरून कितीतरी तिकिटं पुढे तपकिरी झाली, न वापरलेलीसुद्धा. आत्ताचा चीक त्यापेक्षा चांगला आहे, पण पन्नास वर्षांनी पावडरखालून तो काय करेल ते बघायला आपण दोघं नसू, म्हणून माझी चांगली तिकिटं मी कागदावरच ठेवते आणि फ्लुइड फक्त डबल असलेल्यांवर वापरते.

तुम्ही लिहिलंय की लीड्सहून मुलाने पाठवलेल्या पाकिटांचा गठ्ठा येत्या रविवारी भिजवणार आहात. काका, तेवढं एक ऐका माझं. त्यात शेजारी चौकोनी बारकोड असलेली तिकिटं असतील, ती बहुतेक २०२२पासूनची आहेत, ती आधी बाजूला काढा. मधल्या दात्यांसारख्या रेघेवर कापून बारकोड वेगळाही करू नका, तिकीट आणि बारकोड मिळून एकच नग आहे. यू आकाराचे काप दिसले तर तेही त्याच ढिगात. उरलेल्यांपैकी एक डबल तिकीट घ्या, कोमट पाण्यात तासभर ठेवा, आणि मग पाकिटाच्या कागदाला बोट लावून बघा. चिकटलं तर तसलीच बाकीची तिकिटं खुशाल ट्रेमध्ये घाला. नाही चिकटलं तर कात्री घ्या, आणि मला फोटो पाठवा, शिक्के बघायचेत मला.