प्राग दीड दिवसात ‘करून’ या

प्रागला दीड दिवस पुरतो. त्याहून जास्त दिलात तर व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या वाट्याला काय उरणार? परत आल्यावर ‘तीन देश केले’ असं सांगायचंय ना?

आधी जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाखाली जमा. १४१० सालचं हे घड्याळ सूर्य कुठल्या राशीत आहे, चंद्र किती भरलाय, सूर्यास्त होऊन किती तास झाले, हे सगळं आजही सांगतं. तिकडे लक्ष देऊ नका. राशी बघायला घरी गुरुजी आहेत. ठोके पडायच्या वेळी वर खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित डोकावून जातात आणि बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. ‘वेळ भरली’ म्हणून तो मान डोलावतो, तर शेजारचे कंजूष वगैरे पुतळे ‘नाही, नाही’ करतात. हे डोळ्यांनी बघण्याची चूक करू नका. मोबाइल डोक्यावर धरा. तुमच्या व्हिडिओत पुढच्याचा मोबाइल येईल, मागच्याच्या व्हिडिओत तुमचा. हिशेब चुकता.

तिथेच पालिकेच्या जुन्या इमारतीला लागून फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड केलेल्या २७ जणांना १६२१ साली याच चौकात देहदंड दिला होता. सेल्फीसाठी जागा उत्तम! मागे टीन चर्चचे दोन्ही मनोरे येतात. फक्त खाली बघू नका.

भूक लागली की दालचिनी-साखरेत घोळवलेलं पोकळ त्रदेल्निक, म्हणजे भाजलेल्या पिठाची गुंडाळी, घ्या, आत आइस्क्रीम भरून. पाटीवर ‘जुनी परंपरा’ असं लिहिलेलं असतं. आमच्या लहानपणी हे नव्हतं, असं एखादा प्रागकर कुरकुरेल. त्याला काय कळतंय?

मग चार्ल्स पूल. १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी पायाचा दगड बसवला म्हणतात. १३५७९७५३१ असा चढता-उतरता मुहूर्त! पंचांगवाल्या आपल्या मंडळींनी खरं तर इथे मनापासून मान डोलवायला हवी, पण ती छत्री उंच धरलेल्या गाइडमागे धावत असतात. १३९३ मध्ये राजाने नेपोमुकच्या जॉन या धर्मगुरूला याच पुलावरून व्ल्तावा नदीत फेकवलं. त्याच्या पुतळ्याखालच्या पाटीला हात लावला की इच्छा पुरी होते. शेजारच्या पाटीवरचा कुत्राही लोकांनी घासून घासून सोन्यासारखा चकाकवलाय. त्याचं पुण्य काय, ते विचारू नका. रांग आहे, हात लावा.

किल्ल्यावर बावीस नंबरची ट्राम जाते. तिकिटावर आतल्या मशीनमध्ये शिक्का मारायची गरज नाही; साध्या कपड्यांतला तपासनीस भेटला की सहलीत तेवढाच स्थानिकांशी संवाद. वर सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये संपलं. आपल्या उड्डाणपुलाच्या ठेकेदाराला ही माहिती अजिबात देऊ नका. १६१८ साली प्रोटेस्टंट सरदारांनी जिथून सम्राटाच्या दोन कॅथलिक राज्यपालांना आणि त्यांच्या कारकुनाला बाहेर फेकलं, ती खिडकीही इथेच. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. त्यातून पुढे तीस वर्षं युद्ध पेटलं. पण तोवर तुमची बस सुटेल, आणि रात्रीच्या भारतीय जेवणातलं पनीर थंड झालं तर ग्रुपमध्येच युद्ध व्हायचं.

घरी कुणी विचारलंच, ‘प्राग कसं आहे हो?’ तर ‘फार स्वच्छ’ म्हणा आणि लगेच पनीरवर या.